फोन माझा, किल्ली कुणाची?

(एपिसोडचा मजकूर. बोलताना आलेले अडखळे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

[००:००] एक कबुली

आजची सुरुवात एका कबुलीने करतो.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे हे तुम्हाला माहीत आहेच. २०२१ मध्ये मी ज्या टीममध्ये होतो ती पैसे पाठवायचं एक ॲप बनवत होती. त्यात एक छोटं काम माझ्याकडे आलं. ॲप उघडलं की बघायचं, हा फोन रूट केलेला आहे का, बूटलोडर उघडा आहे का. असेल तर एक लाल पाटी दाखवायची आणि ॲप बंद करायचं. दोन दिवसांचं काम. मी केलं, रिव्ह्यू झाला, रिलीज झालं आणि मी विसरून गेलो.

पुढच्या वर्षी गणपतीला फलटणला घरी गेलो, तर बाबा माझी वाटच बघत होते. आमची पिठाची गिरणी आहे. भिंतीवर क्यूआर कोड लावलेला, लाइट बिल फोनवरूनच भरायचं. बाबा म्हणाले, "अरे, हे बँकेचं काय झालंय बघ जरा. उघडतच नाही." मी बघितलं. सुरक्षेच्या कारणास्तव या डिव्हाइसवर हे ॲप चालणार नाही, अशा अर्थाची पाटी. बँक वेगळी, ॲप वेगळं, पण पाटी माझ्या चांगलीच ओळखीची होती.

आता तो फोन तसा कोणी केला होता? मीच. फोन बनवणाऱ्या कंपनीने दोन वर्षांत अपडेट द्यायचे बंद केले. फोन ठणठणीत होता. मग मी त्याचा बूटलोडर उघडून त्यावर लिनिएजओएस टाकलं, म्हणजे सिक्युरिटी अपडेट चालू राहतील. थोडक्यात, बाबांचा फोन जास्त सुरक्षित राहावा म्हणून मी जे केलं, त्याच कारणासाठी बँकेने त्यांना असुरक्षित ठरवलं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "फोन मी पैसे देऊन घेतलेला आहे ना? मग तो काय चालवायचा आणि काय नाही, हे दुसरं कोण ठरवतंय?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. आजचा एपिसोड म्हणजे ते उत्तर शोधायचा प्रयत्न. आणि त्यासाठी आपल्याला स्मार्टफोनच्या बरंच आधी जावं लागेल.

[०३:००] तोंडावर लावायची वाटी

अमेरिकेत विसाव्या शतकात बराच काळ टेलिफोन म्हणजे एकच कंपनी, एटी अँड टी. तार त्यांची, एक्स्चेंज त्यांचं आणि तुमच्या घरात टेबलावर ठेवलेला फोनसुद्धा त्यांचाच. तुम्ही फक्त भाडं भरायचं. आपल्याकडेही आजीच्या घरातला तो काळा डायलचा फोन खात्याचाच असायचा, आठवत असेल तर.

नियम असा होता की कंपनीने न दिलेली कुठलीही वस्तू फोनला जोडायची नाही. त्यात हश-अ-फोन नावाची एक वस्तू विकली जायची. काय होती ती? एक वाटी. फोनच्या तोंडाला अडकवायची, म्हणजे तुमचं बोलणं शेजारच्या टेबलावर ऐकू जात नाही. ना वायर, ना बॅटरी. तरी एटी अँड टीने विरोध केला. प्रकरण तिथल्या संचार आयोगाकडे, एफसीसीकडे गेलं. आयोगाने कंपनीची बाजू घेतली. शेवटी १९५६ मध्ये कोर्टाने तो निर्णय फिरवला.

मग आला कार्टरफोन. टेक्सासमधल्या थॉमस कार्टर नावाच्या माणसाने दुतर्फा रेडिओ आणि टेलिफोन यांना जोडणारं यंत्र बनवलं. लांब रानात किंवा तेलविहिरीवर असलेल्या माणसाला रेडिओवरून घरी फोन करता यावा म्हणून. कंपनीचा युक्तिवाद तोच: बाहेरची वस्तू जोडली तर आमच्या नेटवर्कला धोका. १९६८ मध्ये एफसीसीने कार्टरच्या बाजूने निकाल दिला. नेटवर्कला खरोखर इजा होत नसेल तर लोकांना आपलं यंत्र जोडता आलं पाहिजे.

पण कंपनीने लगेच हार मानली नाही. जोडा, पण मध्ये आमचा संरक्षक डबा बसवा आणि त्याचं भाडं द्या, असं सुरू झालं. अखेर १९७० च्या दशकात नियम बदलला. नेटवर्कला इजा होऊ नये म्हणून तांत्रिक अटी लिहून काढल्या, जाहीर केल्या आणि सांगितलं की या अटी जो पाळेल त्याचं यंत्र चालेल, मग बनवणारा कोणी का असेना. त्यानंतर बाजारात आन्सरिंग मशीन आली, फॅक्स आले आणि घरोघरी मोडेम आले. त्या मोडेमवरूनच सामान्य लोक इंटरनेटवर पोचले.

ही अटींची गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी मी तिच्याकडे परत येणार आहे.

[०६:००] २९ जून २००७

या तारखेला दोन गोष्टी घडल्या. एक सगळ्यांना माहीत आहे: अमेरिकेत पहिला आयफोन विक्रीला आला. दुसरी फार कमी जणांना माहीत असते. त्याच दिवशी जीपीएल या सॉफ्टवेअर लायसन्सची तिसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली.

तिच्यामागे एक भांडण होतं. टीवो नावाचं एक टीव्ही रेकॉर्ड करायचं यंत्र होतं, आत लिनक्स. लिनक्सच्या लायसन्सप्रमाणे कंपनीने सोर्स कोड दिला होता. पण तुम्ही तो बदलून परत यंत्रात टाकला की यंत्र चालायला नकार द्यायचं, कारण त्यावर कंपनीची डिजिटल सही नाही. म्हणजे पाककृती दिली, पण गॅसला कुलूप. फ्री सॉफ्टवेअरवाल्यांनी याला टीवोकरण असं नाव ठेवलं आणि नवीन लायसन्समध्ये ते बंद करायचा प्रयत्न केला. गंमत म्हणजे लिनक्सच्या जनकाला, लायनस टोरवाल्ड्सला, हे मान्य नव्हतं. हार्डवेअरचं काय करायचं ते हार्डवेअरवाला बघेल, असं त्याचं मत. लिनक्स कर्नल जुन्या लायसन्सवरच राहिला. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या आत तोच कर्नल आहे. म्हणून त्याचा कोड तुम्हाला मिळू शकतो, पण तुमच्याच फोनवर तो बदलून चालवता येईलच याची खात्री नाही.

आता आयफोन. पहिल्या आयफोनमध्ये ॲप स्टोअर नव्हतं. बाहेरचं ॲप टाकायची सोयच नव्हती. आणि अमेरिकेत तो फक्त एका कंपनीच्या नेटवर्कवर चालायचा. कोणती कंपनी? एटी अँड टी. तीच, वाटीवाली. खरं तर वारसा आणि नाव तेच, मधल्या काळात कंपनी तुटून परत जोडली गेली होती.

दोन महिन्यांच्या आत न्यू जर्सीतल्या जॉर्ज हॉट्झ नावाच्या १७ वर्षांच्या पोराने ते कुलूप तोडलं. फोन उघडला, सोल्डरिंग गन घेतली आणि तो दुसऱ्या नेटवर्कवर चालवून दाखवला. त्या एका फोनच्या बदल्यात त्याला निसानची ३५० झेड गाडी आणि तीन नवे आयफोन मिळाले. सतराव्या वर्षी मी बारावीच्या क्लासला सायकलने जात होतो, असो.

ऑक्टोबरमध्ये आणखी मजेशीर प्रकार झाला. आयफोन टिफ प्रकारचा फोटो उघडताना चुकायचा. त्या चुकीचा फायदा घेऊन एक वेबसाइट बनली. आयफोनवरून ती उघडली की फोन जेलब्रेक. आणि आत शिरून झाल्यावर ती साइट ते भोक स्वतःच बुजवायची, म्हणजे मागून कोणी वाईट माणूस शिरू नये! घरफोडी करून जाताना तुटकी कडी दुरुस्त करून देणारा चोर मी तरी दुसरीकडे ऐकला नाही.

ॲपलची बाजूही ऐका. सप्टेंबर २००७ मध्ये त्यांनी आधीच इशारा दिला होता की असे प्रकार केलेले फोन पुढच्या अपडेटनंतर कायमचे बंद पडू शकतात. अपडेट आला आणि कित्येक फोन खरंच बंद पडले. ब्रिक झाले. ब्रिक म्हणजे वीट, कारण त्यानंतर फोनचा उपयोग तेवढाच उरतो.

२००८ च्या फेब्रुवारीत जे फ्रीमनने सिडिया आणलं, जेलब्रेक केलेल्या फोनसाठी ॲप्सचं दुकान. ॲपलचं स्वतःचं ॲप स्टोअर त्यानंतर, जुलै २००८ मध्ये आलं. म्हणजे आयफोनवर ॲप्स टाकायची हौस आधी फोडणाऱ्यांनी भागवली, कंपनीने नंतर.

[०९:४५] 'रीबूट' असा मेसेज

आता अँड्रॉइड. पहिला अँड्रॉइड फोन, टी-मोबाइल जी-वन, ऑक्टोबर २००८ मध्ये आला. मोकळा, ओपन, वगैरे. पण त्यावरही मालकाला रूट अधिकार नव्हता. रूट म्हणजे सिस्टिमचा सर्वोच्च अधिकार, काहीही बदलायची मुभा.

तो अधिकार लोकांना मिळाला कसा, तर एका मेसेजमुळे. एका माणसाने फोन रीस्टार्ट केला होता. उत्तर द्यायला उशीर का झाला असं मैत्रिणीने विचारलं, म्हणून त्याने टाइप केलं, 'रीबूट'. आणि फोन खरंच परत रीबूट झाला. तपासल्यावर कळलं की सुरू होताना फोनमध्ये मागे एक अदृश्य कमांड खिडकी उघडी राहत होती, तीही रूट अधिकारासह. तुम्ही कुठेही जे टाइप कराल ते तिथेही जात होतं. गूगलने काही दिवसांत ते बुजवलं, पण तोपर्यंत लोकांना दार सापडलं होतं.

त्यातून कस्टम रॉमचं जग उभं राहिलं. स्टीव्ह कॉन्डिक नावाच्या इंजिनिअरने सायनोजेनमॉड सुरू केलं. २००९ मध्ये गूगलने त्याला कायदेशीर नोटीस पाठवली, कारण तो जीमेल, मॅप्स यांसारखी गूगलची बंद ॲप्सही सोबत देत होता. त्याने ती काढली आणि काम चालू ठेवलं.

२०११ मध्ये तर ग्राहकांनी एवढा आरडाओरडा केला की एचटीसीने जाहीर केलं, यापुढे बूटलोडरला कुलूप घालणार नाही. तो काळ वेगळा होता. लोक फोन घेताना बूटलोडर उघडतो का हे विचारायचे.

आणि याचा एक अंक आपल्याकडेही घडलाय. डिसेंबर २०१४. वनप्लसचा पहिला फोन भारतात आला, आत सायनोजेन. त्याच वेळी सायनोजेनच्या कंपनीने भारतातले हक्क मायक्रोमॅक्सला दिले होते, त्यांच्या यू युरेका फोनसाठी. मायक्रोमॅक्स दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि वनप्लस वनच्या विक्रीवर काही दिवस बंदी आली. मग खंडपीठाने ती उठवली. विचार करा. ज्या सॉफ्टवेअरचा जन्म 'माझ्या फोनवर मला हवं ते चालू दे' यातून झाला, त्याच्याच नावावर कोर्टात भांडण: या देशात ते कोणाच्या फोनवर चालेल?

आमच्या हॉस्टेलला या भांडणाचं काही नव्हतं. ८,९९९ रुपयांचा युरेका फर्स्ट इयरला निम्म्या मजल्याकडे होता. माझा सेकंडहँड. रात्री दोनला मेसच्या बाकावर बसून रॉम फ्लॅश करायचो. मी लिनक्स शिकलो ते कुठल्या पेपरसाठी नाही, एका रूममेटच्या फोनची मी वीट केली म्हणून. सेमिस्टर संपेपर्यंत त्याचं तोंड चुकवत होतो. शेवटी अकरा रात्री घालवून तो चालू केला. त्या अकरा रात्रींत जे शिकलो त्यावर मला पहिली नोकरी लागली, हे मी आजही मानतो.

[१३:००] टॉवर बंद पडेल हो!

कायदा काय म्हणत होता? अमेरिकेत १९९८ चा डीएमसीए कायदा आहे. कॉपीराइट असलेल्या गोष्टीवरचं डिजिटल कुलूप तोडणं हाच त्यात गुन्हा. मात्र दर तीन वर्षांनी काही सवलती मागता येतात. ईएफएफ या संस्थेने जेलब्रेकिंगसाठी सवलत मागितली. ॲपलने विरोध केला. २००९ मधल्या त्यांच्या युक्तिवादातला एक मुद्दा असा होता की जेलब्रेक केलेल्या फोनमधून कोणी मोबाइल टॉवरच्या सॉफ्टवेअरवर हल्ला करू शकेल आणि टॉवर बंद पडू शकेल.

ओळखीचं वाटलं का? नेटवर्कला धोका. वाटी ते आयफोन, पन्नासेक वर्षांत वाक्य बदललं नाही.

२६ जुलै २०१० ला निकाल आला: आपल्या फोनवर आपल्या पसंतीचं ॲप चालवायला जेलब्रेक करणं हा कायद्याचा भंग नाही. पण या कायद्याचा गमतीशीर भाग बघा. २०१२ मध्ये फोनची सवलत चालू राहिली, टॅब्लेटला मात्र नाकारली. टॅब्लेट म्हणजे नेमकं काय याची व्याख्या करता येत नाही म्हणून. ती २०१५ मध्ये मिळाली. आणि सगळ्यात महत्त्वाचं: तोडायला परवानगी मिळाली याचा अर्थ कंपनीने तोडू द्यावं असा होत नाही. कंपनीने आणखी भक्कम कुलूप लावलं तर कायदा काही म्हणत नाही.

[१५:००] आता दुसरी बाजू

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, कंपन्या वाईट, हॅकर चांगले. मलाही कॉलेजात असंच वाटायचं. म्हणून आता उलट बाजू.

जेलब्रेक केल्यावर बरेच लोक एसएसएच टाकायचे, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनमध्ये शिरायची सोय. त्याचा पासवर्ड सगळ्या आयफोनवर एकच होता, 'अल्पाइन'. तो बदलायला हवा हे कोणाच्या लक्षात राहायचं नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका तरुणाने याचा वापर करून आयकी नावाचा वर्म सोडला. तो फोनमध्ये शिरायचा आणि वॉलपेपरवर गायक रिक ॲस्टलीचा फोटो लावायचा. चेष्टा. पण काहीच दिवसांत त्याच वाटेने दुसरा वर्म आला, तो नेदरलँड्समधल्या एका बँकेच्या ग्राहकांच्या मागे होता. तिथे चेष्टा संपली.

२०१५ मध्ये कीरेडर उघडकीला आलं. जेलब्रेक केलेल्या आयफोनमधून २,२५,००० ॲपल खात्यांची माहिती चोरली गेली होती. ज्यांची गेली त्यांना फोनवर आपलं राज्य हवं होतं, आणि त्याच उघड्या दारातून चोर आला.

कुलूप नेमकं काय करतं तेही थोडक्यात सांगतो. फोन सुरू होताना चिपमध्ये कोरलेला छोटा प्रोग्रॅम पहिल्यांदा चालतो. तो बूटलोडरची सही तपासतो, बूटलोडर कर्नलची सही तपासतो, कर्नल पुढच्या सिस्टिमची. एकाने दुसऱ्याची ओळख पटवायची. साखळीत कोणी घुसखोर आला की थांबायचं. अँड्रॉइड ७ पासून हे सक्तीचं झालं. यामुळे तुमचा फोन तासभर कोणाच्या हातात पडला, तरी गुपचूप आत काही पेरून परत देणं कठीण होतं. पत्रकार, आंदोलक किंवा संशयी नवऱ्याच्या घरात राहणारी बाई, यांच्यासाठी ही साखळी जीव वाचवणारी गोष्ट आहे. बूटलोडर उघडताना फोन सगळा डेटा पुसून टाकतो तेही याचसाठी, चोराला तुमचे फोटो मिळू नयेत म्हणून. त्यामुळे कुलूपच नको असं मी म्हणणार नाही.

[१७:१५] फोन साक्ष देतो

खरा बदल झाला तो साधारण गेल्या दहा वर्षांत. आधी फोन फक्त स्वतःला तपासत होता. मग तो तुमच्याबद्दल बाहेर साक्ष द्यायला लागला.

गूगलने सेफ्टीनेट आणलं, आता त्याच्या जागी प्ले इंटेग्रिटी आहे. ॲप गूगलला विचारतं: हा फोन कसा आहे? फोनच्या चिपमध्ये कारखान्यातच एक गुप्त किल्ली ठेवलेली असते. तिने चिप सही करून सांगते, बूटलोडर बंद आहे किंवा उघडा आहे. ती किल्ली तुम्हालाही काढता येत नाही. फोन तुमच्या खिशात, पण साक्ष तुमच्या हातात नाही.

२०१६ मध्ये पोकेमॉन गोने रूट केलेले फोन बाहेर काढले, तेव्हा माझ्या बॅचमध्ये अनेकांना पहिल्यांदा कळलं की असं काही असतं. त्याच वर्षी जॉन वू या तरुणाने मॅजिस्क काढलं. सिस्टिमला हात न लावता रूट द्यायचं आणि ॲपपासून ते लपवायचं. कित्येक वर्षं उंदीर-मांजराचा खेळ चालला. २०२१ मध्ये तो स्वतःच गूगलच्या अँड्रॉइड सिक्युरिटी टीममध्ये रुजू झाला आणि मॅजिस्कमधली लपवायची सोय काढून टाकली गेली. मी त्याला दोष देत नाही. मीही त्याच वर्षी पगार घेऊन तीच तपासणी लिहीत होतो.

त्याच वर्षी फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेचे डिजिटल पेमेंट सुरक्षेचे नियम आले. त्यात बँकांना सांगितलं होतं की फोन रूट किंवा जेलब्रेक केलेला आहे का हे तपासून ॲप रोखता येईल का, याची शक्यता पडताळा. आमच्या मीटिंगमध्ये 'शक्यता पडताळा' हे शब्द कोणाच्या लक्षात राहिले नाहीत. 'रोखा' एवढंच राहिलं. ऑडिटच्या तक्त्यात हो किंवा नाही, दोनच रकाने होते.

आणि या तपासणीतली गोम मला तेव्हा दिसली नाही. ती फोन सुरक्षित आहे का हे बघतच नव्हती. ती बघत होती की फोन कंपनीने दिला तसाच आहे का. चार वर्षं एकही अपडेट न मिळालेला, भोकं पडलेला फोन पास. दर महिन्याला अपडेट घेणारा बाबांचा फोन नापास. गूगलने २०२५ मध्ये यातल्या सर्वांत कडक पातळीला अलीकडच्या अपडेटची अट जोडली, हे चांगलंच झालं. पण ग्रॅफीनओएस बघा. सुरक्षेसाठीच बनवलेली सिस्टिम, पिक्सेल फोनवर टाकल्यावर बूटलोडर परत बंदही करता येतो. तरी ती ही साक्ष पूर्ण पास होत नाही, कारण तिच्यावर गूगलचा शिक्का नाही.

[२०:००] बाबा आणि मामा

इथे थांबता आलं असतं. पण मागच्या वर्षी माझ्या मामाला व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आली. ओळखीच्याच नंबरवरून. पत्रिका म्हणजे एपीके फाइल. मामाने उघडली, फोनने इशारा दिला, मामाने तो हो हो करत पुढे ढकलला, एसएमएस वाचायची परवानगी दिली. संध्याकाळपर्यंत खात्यातले ८६,००० रुपये गेले होते. सोयाबीनचे पैसे होते ते.

मामाचा फोन कसा होता? कंपनीने दिला तसा. बूटलोडर बंद. माझ्या त्या लाल पाटीच्या तपासणीत तो शंभर टक्के पास झाला असता.

म्हणजे मी लिहिलेल्या कोडने बाबांना अडवलं आणि मामाला वाचवलं नाही.

पण मामाच्या बाबतीत मी हेही नाकारू शकत नाही की बाहेरचं ॲप टाकणं जरा अवघड असतं तर ते पैसे वाचले असते. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर फक्त ओळख पटवलेल्या डेव्हलपरचीच ॲप्स चालतील, अगदी प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकलेलीसुद्धा. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये सुरुवात, २०२७ पासून बाकी जगात. खूप ओरड झाली. नोव्हेंबरमध्ये त्यांनी सांगितलं की ज्यांना धोका समजतो अशा लोकांसाठी वेगळी वाट ठेवू. ही बातमी वाचली तेव्हा हॉस्टेलच्या बाकावरचा मी चिडलो आणि मामाचा भाचा गप्प बसला. तिकडे युरोपात उलटी हवा आहे. तिथल्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून ॲपलला आयफोनवर दुसऱ्यांची ॲप स्टोअर चालू द्यावी लागली.

[२२:००] तर बाबांना उत्तर काय?

आता ती टेलिफोनची गोष्ट. नेटवर्कला धोका ही भीती पूर्ण खोटी नव्हती. तारेवर भलताच करंट सोडला तर लाइनमनला इजा होऊ शकते. पण त्यावरचा उपाय 'फक्त आमचाच फोन' हा नव्हता. उपाय होता: इजा कशाने होते ते लिहून काढा, अटी जाहीर करा, जो पाळेल त्याला आत घ्या.

मला वाटतं फोनचंही तेच व्हायला हवं. कुलूप असावं आणि विकत घेतल्या दिवशी ते बंदच असावं, मामासाठी. ते उघडायची वाट अवघड असावी, दोन दिवस थांबायला लावणारी असली तरी चालेल. फोनवर कोणी घाई करतंय म्हणून माणूस चुकतो, ते टळेल. पण वाट असावी आणि किल्ली मालकाकडे असावी. आणि बँकेने विचारायचा प्रश्न असा असावा: या फोनला शेवटचा अपडेट कधी मिळाला? साखळी शाबूत आहे का? कोणाचा शिक्का आहे हा प्रश्न नंतरचा. बूटलोडर आपल्या किल्लीने परत बंद करायची सोय पिक्सेलमध्ये आजही आहे, म्हणजे हे अशक्य नाही.

अडचण मी लपवत नाही. जाहीर अटी कोण लिहिणार, तपासणार कोण, आणि चुकलं तर भरपाई कोण देणार? बँकेला सगळ्यात सोपं काय, तर नाही म्हणणं. कारण बाबांना नाही म्हटल्याचा खर्च बँकेला येत नाही, तो बाबांना येतो.

मी काय केलं तेही सांगतो. गेल्या वर्षी, नव्या टीममध्ये, हेच काम परत समोर आलं. मी मीटिंगमध्ये म्हणालो की ॲप बंद करण्याऐवजी इशारा देऊ, दिवसाची मर्यादा कमी ठेवू, बिल भरणं चालू ठेवू. अर्धं मान्य झालं. शिल्लक बघता येते आणि बिल भरता येतं. पैसे पाठवता येत नाहीत. मोठा विजय वगैरे नाही. पण कुठल्यातरी गिरणीचं लाइट बिल भरलं जात असेल.

बाबांचा प्रश्न कसा सुटला? सुटला नाही. त्यांनी नवीन फोन घेतला, अकरा हजारांचा, कारण अडून बसायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. जुना फोन गिरणीत रेडिओसारखा वापरतात. पिठाने पांढरा झालाय, पण अपडेट अजून येतो. मी आमचे एपिसोड त्यावरच टाकून देतो.

हाही टाकणार आहे. बाबा, ऐकत असाल तर, काही वर्षांपूर्वी तुम्ही विचारलं होतं ते कोण ठरवतं. थोडं मी ठरवत होतो.

भेटू पुढच्या आठवड्यात. तुमच्याकडे अशी लाल पाटी आली असेल तर मला आवाज रेकॉर्ड करून पाठवा. कुठल्या ॲपमध्ये आली आणि त्या दिवशी तुमचं काय अडलं, एवढं सांगा. पुढच्या वेळी मीटिंगमध्ये मला ते ऐकवायचं आहे.